सतरा नंबर शांत

पडद्यावरचा सतरा नंबरचा चौकोन पांढरा झाला तेव्हा आर्सेसिओला बरं वाटलं. ते वाटणं फार वेळ टिकलं नाही, पण वाटलं हे खरं, आणि पुढं कितीही प्रयत्न केला तरी त्याला ते पुसता आलं नाही. तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत तो उभा राहून बोलत होता. समोर रुग्णालयाच्या संचालक डॉक्टर पिएदाद आणि राजधानी बोगोताहून, आरोग्य खात्यातून आलेले दोन पाहुणे बसले होते. गेलं वर्षभर रुग्णालयात जे बदल चालले होते ते पाहुण्यांना समजावून सांगायचे होते, आणि सगळ्या नर्सेसचा प्रमुख म्हणून ते काम त्याच्याकडे आलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रुग्णालयातली प्रत्येक खाट एकेका चौकोनात मांडली होती. माणूस असलेली खाट हिरवी, धोक्यातली तांबडी, मोकळी पांढरी. शेजारीच अपघात विभागात पहाटेपासून माणसं स्ट्रेचरवर ताटकळत पडली होती. "वर खाट मोकळी झाली की इथं लगेच दिसतं," असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणता दुसऱ्या मजल्यावरचा एक हिरवा चौकोन पांढरा झाला. "बघा, बोलाफुलाला गाठ पडली," डॉक्टर पिएदाद पाहुण्यांना म्हणाल्या. पाहुणे हसले. आर्सेसिओही हसला. चला, खालचं एक माणूस वर जाईल, त्याच्या अंगाखाली धड गादी येईल, असं काहीसं त्याच्या मनात आलं. मग त्यानं चौकोनातला आकडा वाचला.

सतरा म्हणजे खिडकीजवळची खाट. सतरा म्हणजे नोहेलिया, त्याची बायको. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, आज-उद्या घरी न्यायची. तिला एक्स-रेला नेलं असेल, दुसऱ्या वॉर्डात हलवलं असेल, चुकून कुणी दाबलं असेल, अशी कारणं डोक्यात एकदम गर्दी करून आली आणि तो उभ्या उभ्या ती एकेक बाद करत गेला, कारण चौकोन कशानं पांढरा होतो आणि कशानं होत नाही हे त्यानंच ठरवलेलं होतं. एक्स-रेला नेलं तर चौकोन हिरवाच राहतो. वॉर्ड बदलला तर बाण येतो. घरी सोडायचं तर आधी घरच्या माणसाची सही लागते, आणि घरचं माणूस तो स्वतः होता. मग एकच कारण उरलं. तोंडात होतं ते वाक्य त्यानं पुरं केलं. ते काय होतं हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. "आलोच," म्हणून तो बाहेर पडला.

जिन्यात त्याला रोसमिरा भेटली. बायकांच्या वॉर्डाची ती प्रमुख, त्याच्याही आधीपासून नोकरीत असलेली, गुडघे गेलेली. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"हेफे, तुम्ही कशाला वर आलात? मी येतच होते ना." त्या भागात शिकलेल्या नर्सला हेफे म्हणतात, बाई असो की पुरुष. हेफे म्हणजे साहेब. रोसमिरा आणि तो एकमेकांना हेफे म्हणत आले होते.

"मला दिसलं," तो म्हणाला.

"काय दिसलं?"

"पांढरं."

रोसमिरानं डोळे मिटून घेतले. "देवा रे. आधी तिथंच दाबलं म्हणायचं." मग त्याच्या कोपराला धरून ती म्हणाली, "तरी मला सांगू द्या. हे तोंडानं सांगायचं असतं. हेफे, नोहेलिया गेली. आत्ता गेली."

तो म्हणाला, "बरं." तिच्या गुडघ्यांची त्याला काळजी वाटली, आणि आपल्याला या वेळी ही काळजी कशी वाटते याचं नवल वाटलं. दोघं एकमेकांना धरून वर चढले. कोण कुणाला धरत होतं हे सांगता आलं नसतं.

माणूस गेलं की आधी पडद्यावर दाबायचं आणि मग घरच्यांना फोन करायचा, हा क्रमही त्याचाच. तो ठरवताना कुणी वाईट माणसं टेबलाभोवती बसली नव्हती. खाली अपघात विभागात एक कोळसेवाला म्हातारा खाटेची वाट बघत स्ट्रेचरवर गेला होता, आणि वर पुरुषांच्या वॉर्डात त्या वेळी एक खाट दुपारपासून मोकळी पडलेली होती. कुणी खाली कळवलंच नव्हतं, कारण घरच्यांची रडारड चालली होती आणि नर्स त्यांना पाणी देत होती. त्या म्हाताऱ्याचे काळे हात आर्सेसिओनं स्वतः पुसले होते. असं पुन्हा होता कामा नये म्हणून मग पडदा आला, चौकोन आले, क्रम आला. प्रत्येक गोष्टीमागं असं एखादं माणूस होतं. सोपवणी बंद झाली तीही अशीच. रुग्णालय ख्रिस्ती नन्सनी सुरू केलेलं, त्यामुळं तिथं एक जुनी रीत होती. पाळी संपली की जाणारी नर्स आणि येणारी नर्स दोघींनी मिळून प्रत्येक खाटेपाशी जायचं, खाटेवरच्या माणसाच्या पायाला पांघरुणावरून हात लावायचा आणि म्हणायचं, "मी निघाले. तुम्हाला हिच्या हवाली करते. काही सांगायचंय?" सकाळी सातला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला. आणि माणसं सांगायची. सूप गार होतं, शेजारीण घोरते, नातू आला नाही, गावाकडं मक्याला कणसं धरली की नाही कोण जाणे. वॉर्डातल्या बारा खाटा, बायकांकडं अकरा ते बावीस, होईपर्यंत तास जायचा. जाणारीला निघता यायचं नाही आणि आलेलीला काम सुरू करता यायचं नाही. पोरी रडकुंडीला यायच्या. डोंगरउतारावरच्या वस्त्यांच्या बस चुकायच्या, पाळणाघरवाल्या बाया दारात पोर घेऊन उभ्या राहायच्या. नर्सेसनी स्वतः अर्ज केला होता. पहिली सही रोसमिराची होती, गुडघ्यांपायी. मग सोपवणी वॉर्डातून उठून काचेच्या खोलीत आली. खुर्चीत बसून, पडद्यासमोर. प्रत्येक नावापुढं ताप, रक्तदाब, औषधं आणि शेवटी माणसाची एकूण अवस्था एका शब्दात. त्यासाठी तीन शब्द दिलेले, त्यातला एक निवडायचा: शांत, अस्वस्थ, गंभीर. हे शब्दही त्यानंच सुचवले होते. वॉर्डात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले होते. "कशी आहे?" "शांत आहे." यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतं.

नोहेलियाच्या नावापुढं संध्याकाळी सातला शांत लिहिलं होतं आणि सकाळी सातलाही शांतच. सकाळी कामावर आल्या आल्या त्यानं आपल्या खोलीतून ते बघितलं होतं. पाहुणे यायचे होते, कॉफी गार होत होती. सतरा, शांत. चला. दुपारी वर जाऊन येऊ.

नोहेलिया आणि शांत. घरी तिच्यासाठी रीतीप्रमाणं नऊ संध्याकाळ जपमाळेची प्रार्थना चालली तेव्हा आलेल्या प्रत्येकानं तिच्या बोलण्याच्याच गोष्टी काढल्या. शाळेचे गणवेश शिवायची ती, चाळीस वर्षं, आणि मशीन चालू असताना मशीनच्या वर आवाज काढून बोलायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची. गावामागच्या ज्वालामुखीची राख दोरीवरच्या कपड्यांवर पडली की ज्वालामुखीशी भांडायची, "झालं तुमचं? की अजून शिंकायचंय?" आर्सेसिओलाही ती तुम्हीच म्हणायची आणि तोही तिला, त्यांच्या मानिसालेस शहरात नवराबायको असंच बोलतात, भांडतातही असंच. "तुम्ही मूर्ख आहात, आर्सेसिओ," हे ती इतक्या अदबीनं म्हणायची की ऐकणाऱ्याला आशीर्वाद वाटावा. पण दुखलं की ती गप्प व्हायची. मुलगी झाली तेव्हा कळांमध्ये ती एक शब्द बोलली नाही, सुईणीला वाटलं वेळ आहे अजून, आणि मूल जवळजवळ गाडीतच झालं. आई गेली तेव्हा दोन आठवडे घरात फक्त मशीनचा आवाज होता. दाढ दुखायची तेव्हा तर शेजारपाजारच्यांना आधी कळायचं, "आज तुमच्याकडं रेडिओ बंद दिसतो?" म्हणजे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास तो वॉर्डात जाऊन तिच्यापाशी बसला होता. ती खिडकीकडं बघत होती. बाहेर धुकं वर चढत होतं, समोरची टेकडी निम्मी पुसली गेली होती. तो उद्याच्या पाहुण्यांबद्दल बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की आज आपण बोलतोय आणि ही ऐकतेय. त्याला ते सुखाचं वाटलं. असं कधी होत नसे. "दमलात तुम्ही, जा घरी," एवढंच ती म्हणाली. औषधाची गुंगी असेल असं त्याला वाटलं. दमला होता हेही खरं होतं.

जपमाळ एदिल्मा सांगायची, नोहेलियाची धाकटी बहीण. मणी ओढताना ती मधेच थांबून आर्सेसिओकडं बघायची, आणि मग जास्तच जोरात पुढची ओळ म्हणायची. एकदा सगळे गेल्यावर ती कप विसळत म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"गप्प होती म्हणे ती. रात्रभर."

"शांत होती असं लिहिलंय."

"आमची नोहेलिया? अहो, आईच्या पोटातून बोलतच आली ती. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांना बोलू दिलं नव्हतं तिनं. ती रात्रभर गप्प पडते आणि तुमच्या त्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एकालाही वाटत नाही की हिला झालंय काय?"

"त्यांना काय माहीत ती एरवी कशी आहे ते."

"मग ज्याला माहीत होतं त्याला विचारायचं नाही का?"

 एदिल्मानं कप पालथे घातले आणि मग तिचंच तिला वाईट वाटलं. "तुम्ही आरेपा, मक्याची एवढीशी भाकरी, तीही खाल्ली नाहीत. तिनं मला तिकडून शिव्या घालाव्यात अशी इच्छा आहे का तुमची?" तिनं आरेपा पुन्हा गरम केला, त्यावर चीज ठेवलं आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. त्याला चव लागली. भूकही लागली होती. या गोष्टी थांबत नाहीत याचाच त्याला शीण आला.

दुसऱ्या दिवशी युरानी आली. त्या रात्री बायकांच्या वॉर्डात तीच होती. तेवीस-चोवीस वर्षांची, नखांवरचा रंग अर्धा उडालेला. जपमाळेच्या वेळी ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि लोक उठले तरी उठली नाही.

"हेफे, तुम्ही माझी तक्रार करणार आहात का?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या म्हणतात. त्या म्हणतात, तू आता रस्त्यावर कंदमुळं वीक." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "मी दोनदा गेले होते हो त्यांच्यापाशी. दाब कमी होता पण फार नव्हता. ताप नव्हता. मी विचारलं, 'काकू, दुखतंय का?' त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. बाकीच्या सगळ्या बोंबलत होत्या. चौदा नंबरला बेडपॅन पाहिजे, अकरा नंबरची सुई निघालेली. त्या एकट्याच शांत होत्या. मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी शांत लिहिलं. हेफे, मी दुसरं काय लिहायला हवं होतं? तीनच तर शब्द आहेत."

"दुसरं काही नाही. मीही तेच लिहिलं असतं."

"खरं?"

"खरं."

तिनं नाक पुसलं. मग जायला उठली आणि दारातून वळली. "अजून एक. म्हणजे आज बोलायची गोष्ट नाही ही. पण सगळ्या म्हणतात, तुम्ही आता ती जुनी सोपवणी परत आणणार."

"हो. आणणार."

"मग माझं पोर कोण घेईल पाळणाघरातून?" असं म्हणून ती घाबरलीच. "माफ करा. तुमच्यावर ही वेळ, आणि मी..."

"नाही, बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. तिचं बरोबरच होतं. गेल्या काही दिवसांत त्याला भेटलेल्या प्रत्येकाचं बरोबर होतं. डॉक्टर पिएदाद म्हणाल्या होत्या की आत पित्त गळत होतं, रक्तात विष भिनलं, एकदा ते वेगानं सुरू झालं की तासांचा खेळ असतो. संध्याकाळी लक्षात आलं असतं तरी खात्री नव्हती. तो स्वतः नर्स होता, त्याला हे कळत होतं. खात्री नव्हती. पण संध्याकाळी सातला दोन बाया तिच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या असत्या, एकीनं पायाला हात लावला असता, काही सांगायचंय का म्हणून विचारलं असतं, आणि नोहेलिया गप्प राहिली असती. दुपारभर तिच्याशी गप्पा मारलेल्या बाईसमोर गप्प राहिली असती. दुपारच्या नर्सला नोहेलियानं त्या मुलीच्या लग्नाच्या झग्याचा गळा कसा बेतायचा ते सांगितलं होतं, हे त्याला नंतर कळलं. ती दुपारची नर्स काचेच्या खोलीत खुर्चीत बसली होती, आणि तिनं पडद्यावर शांत हा शब्द दाबला होता आणि बस पकडली होती.

त्याला एवढंच हवं होतं. माणूस परत येणार नव्हतं आणि कुणाला फासावर द्यायचं नव्हतं. सोपवणी खाटेपाशी परत यावी. आणि घाईही होती, कारण पुढच्या सोमवारी लहान मुलांच्या वॉर्डाची सोपवणीही पडद्यावर जायची होती, आणि मुलं तर दुखलं की कितीदा निपचित पडून राहतात.

तो कामावर परत गेला तेव्हा सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले होते. डॉक्टर पिएदादनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं, तिंतो, म्हणजे काळी कॉफी, मागवली, आणि साखर स्वतः ढवळून दिली. त्या वाईट बाई नव्हत्या. रुग्णालय बंद पडायला आलं होतं तेव्हा त्यांनी ते खांद्यावर घेऊन उभं केलं होतं, आणि ते त्याच्या मदतीनं केलं असं त्या चारचौघांत सांगत. "आर्सेसिओ, तुम्ही थोडे दिवस घरी थांबा," त्या म्हणाल्या.

"घरी मशीन आहे," तो म्हणाला. त्यांना ते कळलं नाही, आणि त्यानंही समजावलं नाही. शिलाईच्या मशीनवर अर्धा गणवेश तसाच होता, सुई कापडात रुतलेली, आणि त्या खोलीतून त्याला जाववत नव्हतं. रुग्णालयात निदान कुठंतरी जाता येत होतं. मग त्यानं आपलं म्हणणं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे दुःख बोलतंय," त्या म्हणाल्या.

"हो. पण म्हणून खोटं आहे असं नाही."

"वर्षभर तुम्ही मला उलट सांगत होतात. त्या तासाभराच्या गप्पांत किती औषधं चुकतात ते तुम्हीच मोजून दाखवलंत. आता मुलांचा वॉर्ड थांबवला तर बोगोता म्हणेल, यांचं यांनाच पटलेलं नाही. आणि पोरींना काय सांगू? तुमची बस पुन्हा चुकेल, कारण..." त्या थांबल्या. वाक्य कुठं जाणार होतं ते दोघांनाही कळलं होतं. "सभेत मांडा," त्या म्हणाल्या. "मी आडवी येणार नाही. पण उभीही राहणार नाही."

सभेत त्यानं मांडलं. त्याला वाटलं होतं लोक विरोध करतील. विरोध केला असता तर बरं झालं असतं. सगळे इतक्या मायेनं वागले की त्याचं म्हणणं त्या मायेतच बुडून गेलं. संगणकवाला तरुण मनापासून हळहळत म्हणाला की दोष त्या शब्दात आहे, शब्दच बदलून टाकू. मग टेबलाभोवती सगळ्यांना हुरूप आला. शांतच्या जागी स्थिर घालावं. स्थिर नको, मेलेलं माणूसही स्थिर असतं, रोसमिरा म्हणाली. मग तक्रार नाही असं घालावं. ते फार लांब होतं, चौकोनात बसत नव्हतं. बोलत नाही असा चौथा शब्द घालावा असं कुणी सुचवलं, आणि त्यावर कुणी म्हणालं की मग झोपलेल्या माणसाला काय लिहायचं. बराच वेळ हे चाललं. आर्सेसिओ एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. वर्षभर याच टेबलाशी बसून तो असंच बोलत आला होता आणि त्याला ते काम वाटत होतं. शब्द कुठलाही घाला, तो दाबणारं बोट खुर्चीत बसलेलं असणार, हे त्याला सांगायचं होतं. त्यानं ते सांगितलंही, पण एकदाच, आणि हळू. मोठ्यानं बोललं की गळा दाटेल अशी भीती होती, आणि गळा दाटला की सगळे पुन्हा मायेनं वागले असते. नर्सेसच्या बाजूनं जी बाई आली होती ती नजर टाळून म्हणाली, "हेफे, आम्हाला तुमचं दुःख कळतं. पण सात म्हणजे सात. पोरी आता तासभर थांबणार नाहीत."

जिन्यात रोसमिरानं त्याला गाठलं. "पहिली सही माझी होती," ती म्हणाली.

"अर्ज तुमचा, पण तो कागद मीच लिहून दिला होता."

"ते असू दे. उद्या सकाळी सातला या वर. कुणाला विचारायचं नाही. आपण करून बघू, आणि मग काय करतात ते करू देत."

सकाळी तो गेला. रात्रपाळी युरानीची होती, आणि सकाळच्या पाळीवर एक नवी मुलगी, जिनं ती रीत कधी पाहिलीच नव्हती. चौघं पहिल्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली आणि हात कुठं ठेवायचे हे कुणालाच कळेना. युरानीनं पाठ केल्यासारखं वाक्य म्हटलं. खाटेवरच्या बाईनं विचारलं, "का हो, माझं काही वाईट निघालं का?" डॉक्टर सोडून चार माणसं एकदम आली म्हणजे वाईटच असणार असं तिला वाटलं. तिला समजावण्यात वेळ गेला. पुढच्या खाटांपाशी जरा बरं झालं. मग सतरा आली. ती खाट तो टाळून पुढं जाईल असं रोसमिराला वाटलं असावं, ती त्याच्या आणि खाटेच्या मधे येऊन चालत होती. सतरावर आता नेइरा गावची एक म्हातारी होती, बेर्तिल्दा नावाची, बाजारात कोंबड्या विकणारी. तिच्याही पोटाचंच ऑपरेशन होतं.  युरानीचा हात पांघरुणाच्या वर थांबला होता, खाली येत नव्हता.

"काय गं?" बेर्तिल्दा म्हणाली. "काय पाहिजे?"

मग आर्सेसिओनंच तिच्या पायाला हात लावला. पाऊल पांघरुणाखाली उबदार होतं, छोटं आणि कडक. "युरानी निघाली आता," तो म्हणाला. "तुम्हाला या दुसऱ्या मुलीच्या हवाली करते आहे ती. काही सांगायचंय?"

"हवाली? मी काय कोंबडी आहे होय, या पिशवीतून त्या पिशवीत?" म्हातारी खुशीत येऊन हसली आणि टाके ओढले म्हणून विव्हळली. "सांगायचंय की. तुमचं ते सूप पाण्यात बुचकळून काढलेलं आहे. आणि ही पोरगी रात्री रडत होती हो, तिकडं कपाटाआड. मला झोप नव्हती, मी ऐकलं. तिला कुणी विचारलं का, काय झालं म्हणून?"

 मग म्हातारी कोंबड्यांबद्दल बोलू लागली, जावयाबद्दल, आणि बोलत राहिली. नवी मुलगी घड्याळाकडं बघत होती. युरानी पाठ फिरवून खिडकीपाशी उभी होती. आर्सेसिओचा हात अजून त्या पावलावर होता. नोहेलियाला या वाक्यानं कुणी कुणाच्या हवाली केलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. दुपारच्या बाईनं नाही, रात्रीच्या मुलीनं नाही, आणि आदल्या संध्याकाळी खुर्चीतून उठताना त्यानंही नाही. ती कुणाच्याच हाती नव्हती. दोन पाळ्यांच्या मधे ती राहून गेली. हे त्याला आता रडण्यासारखं वाटलं नाही. फार दमल्यासारखं वाटलं. बेर्तिल्दा जावयावरून नातवावर आली होती आणि तिला थांबवणं शक्य नव्हतं, आणि पुढच्या खाटेवरची बाई आपली पाळी कधी येते म्हणून मान उंच करून बघत होती.

त्या सकाळी बारा खाटांना तासापेक्षाही जास्त वेळ लागला. युरानीला पोर पाळणाघरात पोचवायला उशीर झाला, रात्रीपुरतं पोर सांभाळणाऱ्या शेजारणीनं ते ठेवून घेतलं आणि त्याबद्दल दोन शब्द ऐकवले, हे युरानीनं नंतर कुरकुरत सांगितलं. पण पंधरा नंबरच्या खाटेवरच्या बाईचा पाय सुजलेला होता आणि तो पडद्यावर कुठंच नव्हता, हेही त्याच सकाळी निघालं. रोसमिरानं ते डॉक्टर पिएदादच्या कानावर घातलं. त्या वर आल्या, पाय बघितला. मग म्हणाल्या, सकाळची करा. सकाळी डॉक्टर हजर असतात, बस मिळतात, बोगोतालाही समजावता येईल. बाकीचं नंतर बघू. आर्सेसिओनं संध्याकाळचं काढलं. त्या म्हणाल्या, "आर्सेसिओ, मिळतंय ते घ्या." त्यानं घेतलं. भांडायला पाहिजे होतं हे त्याला जिना उतरताना कळलं, आणि भांडायचं बळ आपल्यात आज नाही, उद्याही नसेल, हेही कळलं. खालच्या दारात एदिल्मा डबा घेऊन उभी होती. त्यानं तिला काय झालं ते सांगितलं. "ती असती तर त्या बाईंना बोलून बोलून बेजार केलं असतं," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला, "आणि मिळवलं असतं."

मुलांच्या वॉर्डाची सोपवणी ठरल्याप्रमाणं सोमवारी पडद्यावर गेली. बायकांच्या वॉर्डात सकाळची सोपवणी आता खाटेपाशी होते. दुपारची कधी होते, कधी नाही. संध्याकाळी सातची अजून काचेच्या खोलीतच होते.